पाव फेरी

"देवाच्या दारात पायरी होऊन पडावं, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत, असं ज्यानं मागून घेतलं त्याच्या गावात बसून तू पाय काढायची गोष्ट करायलीस व्हय?"

मामांनी हे माझ्या धाकट्या बहिणीला विचारलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. मोडलेले, जोडलेले, कापलेले असे कितीतरी पाय तिनं पुन्हा चालते केले आहेत. ओसरीवर तिसरे होते शेजारचे बापू. नांदेडच्या दवाखान्यातून पहाटे आले होते ते रेशन कार्ड आणि आधार कार्ड न्यायला, कारण फुकट उपचारांच्या सरकारी योजनेत नाव घालायचं तर कागद हवेत. अकरा वाजता त्यांची बस होती. परतवारी होऊन दोनच दिवस झाले होते. आषाढ वद्य एकादशीला नामदेवांच्या नरसीत पाय ठेवायला जागा नसते. ती सगळी माणसं गेली होती आणि रस्त्यावर चिखल तेवढा उरला होता.

बापूंचा मुलगा चोवीस वर्षांचा, पिकअप चालवतो. परवा रात्री आठला गाडी पंक्चर झाली, चाक बदलायला खाली बसला आणि मागून आलेल्या ट्रकनं पाय दाबून नेला. उजव्या नडगीचे तीन तुकडे, वरची कातडी सोललेली, आत डांबर, खडी, शेतातली माती. १०८ वेळेवर आली. पण एका ठिकाणी जागा नाही, दुसऱ्या ठिकाणी हाडाचे डॉक्टर नाहीत, असं करत जखम ऑपरेशन थिएटरात नीट धुतली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. पायात रक्त खेळतं आहे. बाहेरून सळ्या लावून हाड धरून ठेवलं आहे. डॉक्टर म्हणाले, पाय वाचवता येईल, पण वर्ष-दीड वर्ष जाईल, चार-पाच ऑपरेशनं होतील आणि खात्री देता येणार नाही. नाहीतर गुडघ्याच्या खाली काढू. संध्याकाळपर्यंत सांगा.

"मामा," बहीण म्हणाली, "त्या पायरीवर रबराचा पाय पडला तर नामदेव महाराज काही पाय मागं घ्या म्हणणार नाहीत."

मामांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. डाव्या नडगीवर दोन्ही बाजूंनी देवीच्या व्रणांसारखे ठिपके आहेत, ओळीनं. मधोमध कातडी पातळ, चकचकीत, जळाल्यासारखी. घोटा अर्धाच वळतो.

"हे बघ. २००९ ची गोष्ट. पहिल्या दवाखान्यात पट्टी बसवली, आत घाण तशीच राहिली. सहा महिने पू. हाड काळं पडलं. तळव्याला सुई टोचली तरी कळत नव्हतं. म्हणले, काढून टाका, असला मेलेला पाय ठेवून काय करता? मी म्हणलो, न्हाई. मंग अकोल्याला गेलो, हिंगोलीहून रेल्वेनं. तिथं सडलेलं हाड काढलं. सहा सेंटिमीटर. एवढं." त्यांनी बोटांनी अंतर दाखवलं. "मधी मोकळी जागा. अन् वर सायकलच्या रिंगीसारख्या चार कड्या, आरपार तारा. वरच्या बाजूला चांगलं हाड मुद्दाम चिरलं अन् तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवला. मागं जागा पडंल तिथं नवं हाड भरायचं. दुधाच्या सायीसारखं, डॉक्टर म्हणायचे. दोन महिन्यात तुकडा खाली टेकला. कड्या उतरल्या दहाव्या महिन्यात. २०१२ ला मी इथून पंढरपूरला पायी गेलो. माह्या पायानं."

मामांनी दोन वाक्यांत सांगितलं ते जगाला पटायला तीस वर्षं लागली. गॅव्रिल इलिझारोव्ह हा सोव्हिएत डॉक्टर सायबेरियात कुर्गानला युद्धात जायबंदी झालेल्यांवर उपचार करत होता. १९५१ च्या सुमारास त्यानं कड्या आणि ताणलेल्या तारांचं हे यंत्र केलं. हाडं एकमेकांवर दाबून जोडावीत, एवढाच त्याचा पहिला विचार होता. असं सांगतात, की एका रुग्णानं नट उलटे फिरवले, हाडं दाबली जाण्याऐवजी दूर गेली आणि मधल्या फटीत नवं हाड उगवलेलं दिसलं. हाडाला हळूहळू ताण दिला तर ते स्वतःच स्वतःला लांबवतं. घाई केली तर फट तशीच राहते, फार रेंगाळलं तर मधेच जुळून बसतं. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, हा वेग त्यानं ठरवला. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवलेला व्हालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकलवरून पडला. बरीच ऑपरेशनं करूनही हाड जुळेना, तेव्हा १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला आणि पुढं पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला. पश्चिम युरोपला हे कळलं १९८० नंतर, कार्लो माउरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचा जुना मोडका पाय तिथं बरा झाला तेव्हा. पुढच्याच वर्षी इलिझारोव्हला इटलीत व्याख्यानाला बोलावलं. आपल्याकडं अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांनी हीच पद्धत अनेक वर्षं केली, शिकवली, तिच्यावर लिहिलं. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरच्या माणसाला कुर्गान माहीत नसतं, 'अकोल्याच्या रिंगा' माहीत असतात. याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

"मामा, तुमचा पाय वाचला, कारण तुमच्यात दम होता आणि घरात माणसं होती," बहीण म्हणाली. "माझ्याकडं येतात ते तुमच्यासारखे सगळेच नसतात. तीन वर्षं झालीत, सात ऑपरेशनं झालीत, गुडघा आखडलाय, पाऊल घोड्यासारखं खाली वळलंय, शेत गेलंय, लग्न मोडलंय, आणि अजून हाडातून पाणी येतंय. शेवटी तो पाय काढायचाच असतो. पण तोवर माणूस इतका थकलेला असतो की कृत्रिम पाय दिला तरी उभं राहायची इच्छा उरत नाही. सुरुवातीलाच गुडघा राखून खालचा पाय काढला असता तर चार-पाच महिन्यांत कामावर असता."

"असता, असता. कशावरून?"

"मोजलंय कुणीतरी. अमेरिकेत आठ मोठ्या अपघात केंद्रांत असे ५६९ रुग्ण दोन वर्षं पाहिले. २००२ साली ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. दोन वर्षांनी पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, यांच्या जगण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. कामावर परतलेले दोन्हीकडं साधारण निम्मे. फरक होता तो पुन्हा दवाखान्यात भरती होण्यात. वाचवलेल्यांत जवळपास ४८ टक्के, काढलेल्यांत ३४."

"म्हंजे निम्मे दोन्हीकडून घरीच बसले."

"हो. आणि कुणाचं जगणं जास्त बिघडलं तेही त्यात आहे. कमी शिकलेले, गरीब, विमा नसलेले, धीर द्यायला कुणी नसलेले, विडी-सिगारेट ओढणारे. पाय ठेवला की काढला, यापेक्षा या गोष्टींनी जास्त फरक पडला."

बापू आतापर्यंत गप्प होते. "पोरगं तंबाखू खातंय," ते हळूच म्हणाले.

"आजपासून बंद," बहीण त्यांच्याकडं वळून म्हणाली. "पाय ठेवा नाहीतर काढा, तंबाखू बंद. बारीक रक्तवाहिन्या आवळतात त्यानं. हाडही जुळत नाही, कातडीही धरत नाही."

मामांनी तिचं हे बोलणं मानलं, पण हार मानली नाही. त्यांचा खरा मुद्दा तळव्याचा होता. "मला कळत नव्हतं तळव्याला, तरी पाय ठेवला. वर्षानं मुंग्या यायला लागल्या. आता हळदीच्या सरीत उतरलो की गार माती कळते. पाणी कुठवर आलं ते डोळं मिटून सांगतो. लाकडाला हे कळंल का?"

"नाही कळणार," ती म्हणाली. यात तिनं काही लपवलं नाही, म्हणून मला तिचं कौतुक वाटलं. "आणि तळवा बधिर म्हणून पाय काढा असं जे पूर्वी सांगायचे, ते चूक होतं. अमेरिकेतल्या त्याच लोकांनी नंतर पाहिलं, असा पाय राखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या तळव्याला दोन वर्षांत नीट जाणीव परत आली. तुमचे डॉक्टर तेवढ्यासाठी काढा म्हणाले असतील तर तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच केलंत. पण लाकूड म्हणू नका. जयपूर फूट रबराचा असतो. सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, या दोघांनी तो केला. शर्मा फार शिकलेले नव्हते, पण हातात कला होती. परदेशी पाय बूट घालून चालायला केलेले. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. हे त्यांनी आधी पाहिलं आणि मग पाय घडवला. १९७५ पासून जयपूरची संस्था तो फुकट बसवते. सुधा चंद्रन त्याच पायावर नाचल्या. आणि आपल्या पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. एकाहत्तरच्या लढाईत मेजर इयान कार्डोझोंचा पाय सुरुंगानं चिंधड्या झाला, तेव्हा त्यांनी खुकरीनं स्वतःच तो तोडला. पुढं त्यांनी आख्खी बटालियन सांभाळली, ब्रिगेड सांभाळली."

"ते मेजर हायेत. आमच्या काळ्या मातीत ये एकदा मिरगात. चप्पल निघून येती, तुझा जयपूरवाला पाय न्हाई निघणार? अन् निघाला, झिजला, तर दर दोन-चार वर्षांनी कोण बदलून देणार? आयुष्यभर?"

याला आकड्यांचाही आधार आहे. त्याच अमेरिकी गटानं २००७ मध्ये आयुष्यभराचा हिशेब मांडला. पाय काढलेल्याचा खर्च वाचवलेल्याच्या तिपटीच्या आसपास निघाला, मुख्यतः कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो म्हणून. तिथले पाय महाग असतात, आपल्याकडचे फुकटही मिळतात, म्हणून तो आकडा जसाच्या तसा नरसीला लावता येणार नाही. पण मामांची काळजी अडाण्याची नव्हती. उलट बहिणीची बाजू घ्यायची तर गुडघा राहणं फार मोलाचं. गुडघ्याखाली पाय गेलेल्याला चालायला साधारण पाव पट जास्त शक्ती लागते, गुडघ्यावर गेलेल्याला त्याहून कितीतरी अधिक. पाय वाचवायच्या नादात जंतू वर चढले आणि पुढं मांडीतून काढावा लागला, तर ज्या गुडघ्यासाठी आज बोलतो आहोत तोच जातो.

चहा निवला होता. मामी दोनदा दारात येऊन गेल्या.

मग बहिणीनं एक गोष्ट सांगितली. ती ऐकेपर्यंत मला हा वाद मामांच्या हट्टाचा आणि तिच्या शिक्षणाचा वाटत होता. कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पायांसाठी, म्हणजे नडगी उघडी पडली आहे पण रक्त चालू आहे अशांसाठी, एक गुणपत्रक तयार केलं. कातडीला एक ते पाच गुण, हाडाला एक ते पाच, स्नायू आणि नसांना एक ते पाच. एकूण चौदा किंवा कमी, तर पाय वाचवायचा. सतरा किंवा जास्त, तर काढणं बरं. पंधरा-सोळाला डॉक्टरनं स्वतःच्या अनुभवानं ठरवायचं. पण या तीन गोष्टींखेरीज आणखी सात आहेत आणि त्यांतली जी लागू असेल तिचे दोन दोन गुण वाढतात. वय पासष्टच्या वर असणं, औषधं चालू असलेला मधुमेह, रक्तदाब खूप उतरणं, पोटाला मार. आणि जखमेत गटारातली किंवा शेतातली घाण असणं. आणि अपघातापासून जखम धुवेपर्यंत बारा तासांहून जास्त जाणं.

"बापू, किती वाजता लागलं होतं?"

"आठला. रात्री."

"आणि धुतलं दहाला. सकाळी."

तिनं बोटं मोजली नाहीत. मीच मोजली. चौदा तास. दोन गुण. जखमेत शेतातली माती, आणखी दोन. ट्रकनं जे केलं ते केलं. पण चार गुण त्या पोराच्या पायावर रस्त्यानं आणि उशिरानं चढवले होते. पुण्यात जो पाय तेरावर थांबला असता तो इथून निघताना सतरावर पोचतो. मामा आणि बहीण ज्या गोष्टीवर भांडत होते तिचा बराचसा निकाल हमरस्त्यावर, एका दवाखान्यातून दुसऱ्याकडं जाताना, लागून गेला होता. मला राग आला तो तेव्हा, आणि अजून उतरलेला नाही. हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं. तिथं रात्री आठला आलेली जखम रात्री दहाला धुतली जावी आणि हाडाच्या डॉक्टरांच्या शेजारी प्लास्टिक सर्जनही उभा असावा, असं मला या जिल्ह्याचा माणूस म्हणून मागायचं आहे.

प्लास्टिक सर्जन का, तेही बहिणीनंच बापूंना समजावलं. हाड कितीही छान जोडलं तरी ते उघडं राहिलं की मरतं. त्यावर जिवंत मांस हवं. नडगीच्या वरच्या भागात पोटरीचा स्नायू वळवून आणता येतो, मधल्या भागात त्याच्या खालचा. पण घोट्याकडच्या तिसऱ्या भागात वळवायला काही उरत नाही. मग मांडीतून किंवा पाठीतून मांस आणून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. लुब्लियानाच्या मार्को गोडिना यांनी अशा ५३२ रुग्णांची नोंद ठेवली होती. तो लेख १९८६ मध्ये छापला, त्याच वर्षी ते स्वतः मोटार अपघातात गेले. पहिल्या ७२ तासांत जोडलेलं मांस शंभरात एकाचंही निकामी झालं नाही. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत जोडलेलं शंभरात बाराजणांचं झालं.

"बहात्तर म्हंजे?" बापूंनी विचारलं.

"उद्या रात्री आठ. त्या वेळेला दार बंद होतं असं नाही, नंतरही करतात. पण जितकं लवकर तितकं बरं. म्हणून डॉक्टर संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले. घाई त्यांची नाही, मांसाची आहे."

"तुमचा भाऊ असता तर काय केलं असतं तुम्ही?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आधी विचारलं असतं, जखम कुठं आहे, वर की घोट्याजवळ? मांस झाकायला माणूस तिथंच आहे का दुसरीकडं पाठवणार? गुण किती झाले? वर्षभर घर कोण चालवणार? चौदा-पंधरा असते आणि या सगळ्याला उत्तर असतं तर वाचवा म्हणाले असते. सतरा असते तर काढा म्हणाले असते, आणि रडले असते."

मामा तिच्याकडं बघत राहिले. "सतरा असंल तर माह्यासारख्याचं ऐकू नका बापू," ते म्हणाले. "त्या वक्ताला योजना नव्हती. दीड एकर गेलं माझं. ते मी कुणाला सांगत न्हाई."

योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होतं. पुढल्या वर्षी राज्यभर. आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावानं चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मर्यादा आहे. मामांच्या दीड एकराला ती उशिरा आली. पण दवाखान्यात वर्ष काढणाऱ्याची बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचं जेवण आणि गाडीभाडं आजही कुठल्याच कागदात बसत नाही.

मामा उठून आत गेले आणि एक पाना घेऊन आले. दहा नंबरचा, गंजलेला. "याच्यानं फिरवायचं. दर सहा तासाला पाव फेरी. चार पाव म्हंजे एक मिलिमीटर."

बापूंनी तो हातात घेतला. "हा तर मोटरच्या डब्यात हाय माह्याकडं."

"सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. चुकायचं न्हाई."

"अन् फिरवला कुणी?"

प्रश्न दारातून आला होता. मामी तिथं कधीपासून उभ्या होत्या, आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी फिरवला," त्या म्हणाल्या. "दोनशे चाळीस वेळा. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्यात, आता रंगाखाली गेल्या त्या. रात्री बाराचा मी कधी झोपून केला न्हाई, बसूनच राहायचे, डोळा लागंल म्हणून. तारांच्या भोकातून पू आला की पाणी उकळून गार करून पुसायचे. हे वरडायचे. दोन लेकरं, सासू, म्हैस. सकाळी परत खुरपायला. अन् पाय ठेवायचा का काढायचा, हे ठरवताना दवाखान्यात मला कुणी इचारलं न्हाई. डॉक्टरनं इचारलं न्हाई, यांनी इचारलं न्हाई. मी व्हरांड्यात बसले व्हते."

मामा काही बोलले नाहीत. बहिणीनं कप खाली ठेवला.

"मग तुम्ही काय म्हणाला असता मामी?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "ठेवाच म्हणले असते. पण मंग मी म्हणलेलं असतं ना." आणि बापूंकडं वळून म्हणाल्या, "पोराची माय कुठं हाय?"

"घरी. रडायलीय."

"तिला घेऊन जा. कागदं तर नेताच हाव. डॉक्टर जे सांगतील ते तिच्या म्होरं सांगू द्या. पोराला शुद्ध हाय ना? त्यालाबी इचारा. नट तिलाच फिरवायचाय नाहीतर पट्टी तिलाच बांधायचीय."

बापूंनी पाना मामांच्या हातात परत दिला आणि रेशन कार्डाची पिशवी उचलून घराकडं निघाले. कोपऱ्यावर अकराची बस येऊन थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि ती गेली. बहीण मोबाइलवर पुढच्या गाडीची वेळ बघत होती. मामी आत जाऊन दोघांसाठी भाकरी बांधायला लागल्या.